शेवंती आणि बंड्याची जोडी जमवायची तर

दापोली तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्याकडे शेवंती नावाची २ वर्षांची सशाची मादी आहे, पडवीत राहते. गणपतीला मुंबईहून आलेल्या भाच्याने तिला सोबत म्हणून ५ महिन्यांचा नर आणला, बंड्या. त्याच संध्याकाळी दोघांना पडवीत एकत्र सोडलं. बंड्या लगेच तिच्या अंगावर चढला आणि मिनिटभरात केस उडाले, त्याचा कान फाटला. सवय होईल म्हणून पुढचे चार दिवस रोज जाळीच्या दारातून एकमेकांसमोर आणून बघितलं. रोज ती धावून गेली. त्या पहिल्या संध्याकाळला १८ दिवस झाले. आता शेवंती पोटाचे केस उपटते आहे आणि तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेते आहे. सासूबाई म्हणतात, ससा एकटाच राहणारा प्राणी. शेजारी म्हणतात, दोघांना एका पिशवीत घालून स्कूटरवरून फिरवून आणा, घाबरून एक होतील. ताई विचारतात, नक्की करू काय?

ताई, तुम्ही १८ दिवस मोजून लिहिलेत, त्याचा फार उपयोग झाला. सशाच्या मादीत अंडं ठरावीक तारखेला सुटत नाही. नर चढल्यानंतर काही तासांनी सुटतं. गर्भ राहिला तर ३० ते ३२ दिवसांनी पिल्लं होतात आणि केस उपटून घरटं करण्याची घाई बहुतेक शेवटच्या दिवसांत दिसते. गर्भ नसला तरी शरीर फसतं आणि १६ ते १८ दिवसांच्या सुमारास मादीकडून हेच सगळं करून घेतं. तारखांवरून मला ही खोटी गाभण वाटते. पण खात्री पोट चाचपून किंवा सोनोग्राफी करूनच होईल, ती करून घ्या. तोवर घरटं मोडू नका, केस गोळा करून फेकू नका. काही दिवसांत ती स्वतःच ते सोडून देईल. या दिवसांत ती तुमच्या हातालाही चावायला येईल, तो तिचा स्वभाव समजू नका. आणि माझा अंदाज चुकून पिल्लं झालीच, तर आई दिवसातून एकदा-दोनदाच, तेही काही मिनिटं, दूध पाजायला जाते हे लक्षात ठेवा. "आईने टाकली" असं समजून चमच्याने दूध पाजायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. तशी पिल्लं फार क्वचित जगतात.

सासूबाईंचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्या जे सांगतात ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काजूच्या बागेत संध्याकाळी उड्या मारत जाणारा ससा खरोखरच एकटा असतो. पण तो रानससा. तो बीळ खणत नाही, गवतात नुसती बसण्यापुरती जागा करतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन जन्मतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे त्याला धरणं किंवा पाळणं गुन्हा आहे. शेवंती आणि बंड्या युरोपातल्या वेगळ्या जातीचे. ते मूळचे बिळांत, घोळक्याने राहणारे. पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. दोन्ही जातींना आपण एकच शब्द वापरतो, म्हणून हा घोळ होतो. पाळीव सशाला जोडीदार हवा असतो. मात्र त्यांच्या घोळक्यात प्रत्येकाची हद्द आणि पायरी ठरलेली असते, आणि परक्याला कोणी मुकाट्याने आत घेत नाही. शेवंतीने २ वर्षं त्या पडवीतल्या प्रत्येक खांबाला हनुवटी घासलेली आहे. हनुवटीखाली वासाची ग्रंथी असते, आपल्याला तो वास येत नाही. बंड्याला आला असणार. तिच्या घरात अचानक एक वयात आलेला नर उतरवला गेला आणि तिने आपलं घर राखलं, एवढंच झालं आहे. दोघांचं कायमचं बिघडलं असं मी अजिबात म्हणणार नाही.

आता पहिलं काम नसबंदीच्या शस्त्रक्रियेचं, आणि तीही दोघांची. एकाची करून भागत नाही. मादीचं गर्भाशय आणि अंडाशय काढले नाहीत तर दर काही आठवड्यांनी ही खोटी गाभण, हा राग परत येत राहील. शिवाय शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कर्करोग होतो, आणि तो क्वचित होणारा आजार नाही. चार-पाच वर्षांच्या माद्या रक्त जातंय म्हणून माझ्याकडे येतात तेव्हा उशीर झालेला असतो. शेवंती २ वर्षांची आहे, ही वेळ चांगली आहे. खोटी गाभण पूर्ण ओसरू द्या, स्तन पुन्हा सपाट होऊ द्या, मगच तिला टेबलावर घ्या.

आपल्याकडचे तालुक्याचे डॉक्टर गाय, म्हैस, शेळी यांत पारंगत असतात. सशाचं पोट उघडणं हे वेगळं काम आहे, आणि ते होत नाही असं सांगणारा डॉक्टर प्रामाणिक समजा. दापोलीहून तुम्हाला पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन्ही शहरांत फक्त लहान आणि विदेशी प्राणी बघणारे डॉक्टरही आहेत. फोनवर दोन गोष्टी विचारा. सशाच्या माद्यांच्या अशा किती शस्त्रक्रिया केल्यात? आणि आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? ससा ओकू शकत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवण्याचं कारणच नाही. उलट आतडी थांबली तर जिवावर बेततं. "रात्रीपासून काही देऊ नका" असं उत्तर आलं तर नम्रपणे आभार मानून दुसरीकडे फोन करा. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक औषध मागून घ्या. घरी आल्यावर १२ तासांत काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट बघू नका.

यानंतरचा टप्पा लोकांना सगळ्यात जड जातो, तो म्हणजे थांबणं. बंड्याचे वृषण काढले तरी पुढे ६ आठवड्यांपर्यंत त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, आणि अंगातली रग उतरायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. शेवंतीचे टाके दहा-बारा दिवसांत सुकतील, पण तिचंही मन शांत व्हायला महिना तरी द्या. टाके निघाले म्हणजे झालं, असं धरून दुसऱ्याच आठवड्यात जोडी एकत्र सोडतात, आणि मग "ऑपरेशन करूनही भांडतात" अशी तक्रार येते.

या सहा आठवड्यांत हात बांधून बसायचं नाही. खरी जोडी याच काळात जमते, समोरासमोर आणण्याच्या आधी. दोघांची घरं शेजारी मांडा, वेल्डमेशच्या जाळीची. दोन जाळ्यांच्या मध्ये चार बोटं अंतर ठेवा. एकच जाळी असली तर नाकाचा शेंडा किंवा पायाचं बोट तुटतं. सशाचे दात काय करतात, ते बंड्याच्या कानाने तुम्हाला शिकवलंच आहे. पहिले आठ-दहा दिवस घाईने काही करू नका, नुसते शेजारी राहू देत. नंतर रोज संध्याकाळी याच्या लघवीच्या ट्रेमधलं मूठभर गवत तिच्या ट्रेमध्ये आणि तिचं याच्याकडे. अंगाखालचं गोणपाट किंवा जुन्या लुगड्याचा तुकडा असेल तर तोही बदला. पहिल्यांदा शेवंती त्यावर मुतेल, पाय आपटेल, तो कपडा भिरकावून देईल. काही दिवसांनी ती त्यावरच झोपलेली दिसेल. मग दर दोन दिवसांनी दोघांची घरंच अदलाबदल करा. याने तिचं घर, त्याचं घर हा भेद पुसट होत जातो. जोडी जमवताना मला यापेक्षा मोठा उपाय सापडलेला नाही.

जेवण जाळीला लागून द्या. कोथिंबिरीची जुडी जाळीच्या या अंगाला तिला, त्या अंगाला त्याला. दूर्वा, पुदिना, मुळ्याचा पाला चालेल. गणपतीसाठी खुडलेल्या दूर्वा उरतात त्या यांच्यासाठीच आहेत असं समजा. परसातलं अळू मात्र दोघांपासून लांब ठेवा, कुंपणाची कण्हेर तर नजरेआडच, ती विषारी आहे. मुख्य आहार वाळलेलं गवत. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक, पोषण त्यात फारसं नाही. सड्यावरचं गवत दिवाळीच्या सुमारास कापून उन्हात कडक वाळवलेलं मिळतं. नाकाला लावून बघा, बुरशीचा कुबट वास आला तर बाजूला टाका.

पुढे कधी जायचं हे दिवस मोजून ठरवू नका, त्यांच्याकडे बघून ठरवा. जाळीला लागून दोघं आपापल्या बाजूला लांब पसरून झोपू लागले, एक दुसऱ्याकडे पाठ करून खाऊ लागला, म्हणजे झालं. शेपूट ताठ करून जाळीच्या कडेने येरझारा, जाळी चावणं, घुरघुरणं चालू असेल तर आणखी पंधरा दिवस जाऊ देत. काही जोड्यांना तीन महिने लागले आहेत.

भेटीची जागा परकी हवी, दोघांनाही. पडवी, ओटी, तुमचं माजघर, जिथे शेवंती कधी फिरली आहे तिथे नको. शेजारच्या घरातली रिकामी खोली मागून घ्या. फरशी व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, वर सतरंजी अंथरा. गुळगुळीत कोब्यावर पाय घसरला की ससा घाबरतो आणि घाबरलेला ससा आधी चावतो. ६ फूट बाय ४ फूट एवढी जागा जाळीने आखून घ्या. खूप मोठ्या खोलीत पाठलाग रंगतो, फार लहान जागेत तोंड फिरवायला वाव राहत नाही. मध्ये गवताचा मोठा ढीग, पाण्याची दोन भांडी, आणि आडोशाला आंब्याच्या दोन रिकाम्या पेट्या, पुढची-मागची फळी काढून आरपार केलेल्या. हात फिरवून एक-एक खिळा शोधून उपटून टाका. एकच तोंड असलेला खोका ठेवू नका. आत कोंडलेला ससा जीव खाऊन लढतो. तुम्ही खाली बसा, हातात सुपली आणि जाड टॉवेल घ्या. हातमोजे असतील तर घाला. मी सुरुवातीच्या काळात भांडणात उघडा हात घातला होता, अंगठ्याला ३ टाके पडले. सुपली मध्ये सरकवायची, टॉवेल वर टाकायचा, मग उचलायचं.

काय घडलं म्हणजे चांगलं? तुम्हाला कंटाळा येईल असं काहीच घडलं नाही तर उत्तम. दोघं दोन कोपऱ्यांत बसून अंग चाटताहेत, गवत खाताहेत, एकमेकांकडे बघतही नाहीत, ही फार चांगली पहिली भेट आहे. एक मान खाली घालून दुसऱ्यासमोर बसेल, म्हणजे "मला चाट" असं म्हणेल. दोघांनीही मान घातली आणि कोणीच चाटत नाही असं बराच वेळ चालतं, त्यात पडू नका. थोडं अंगावर चढणं होईल. शेवंतीही बंड्यावर चढेल. त्यात नर-मादीपेक्षा पायरी ठरवण्याचा भाग जास्त असतो. काही सेकंद होऊ द्या, मग हळूच बाजूला करा. फक्त उलट्या बाजूने, तोंडाकडून चढला तर लगेच उतरवा. खालच्याने चावा घेतला तर तो थेट गुप्तांगावर बसतो. छोटा पाठलाग, तोंडभर केस उपटणं, हे चालतं. कान मागे चपटे, शेपूट ताठ, अंग आखडलेलं आणि दोघं एकमेकांभोवती फिरू लागले, की सुपली घाला. पुढचा क्षण दोघं एकमेकांच्या अंगाला दात लावून फुगडीसारखे गरागरा फिरण्याचा असतो, आणि तिथवर जाऊ द्यायचं नाही. अशी एक झुंज महिनाभराची मेहनत घालवते. "बघू या आज तरी पटतंय का" असं रोज करून बघणं म्हणूनच वाईट. तुम्ही ते चार दिवस केलंत, आता पूर्ण थांबवा.

पहिली भेट दहा मिनिटांची. सगळं शांत असतानाच संपवा, भांडणावर संपवू नका. रोज थोडी वाढवा. झुंज झालीच तर दोघांच्या अंगावर केस उलटे फिरवत बोटांनी तपासा. सशाची कातडी पातळ, वरून काही दिसत नाही. त्यांचा पू पनीरसारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, आतल्या आत गाठ धरतो. घरातलं माणसांचं अँटिबायोटिक देऊ नका. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससाही जातो. कुत्र्याच्या पिसवांवरचा फिप्रोनिलचा फवाराही नको.

स्कूटरचा उपाय मीही केला आहे, सोळा वर्षांपूर्वी, प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी. एका पेटीत दोन ससे घालून रत्नागिरीत भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. दोघं एकमेकांना बिलगून बसले आणि मला वाटलं जमलं. घरी आल्यावर अर्ध्या तासात पुन्हा तेच भांडण, आणि मादीने दुसऱ्या दिवशी खाणं सोडलं. तिला वाचवायला चार रात्री गेल्या. भीतीने चिकटलेले ससे भीती संपली की सुटतात, आणि मध्ये त्यांच्या आतड्यांना धक्का बसतो तो वेगळाच. काही अनुभवी लोक अजून हा मार्ग सुचवतात. मी तो पुन्हा वापरलेला नाही.

हवेबद्दल थोडं. सशाला घाम येत नाही, उष्णता कानांतून बाहेर पडते, आणि २८ अंशांच्या वर त्याचे हाल सुरू होतात. आपल्या दमट हवेत त्याच्याही आधी. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मे महिन्यात पाठलाग करायला लागलेला ससा उष्माघाताने पडू शकतो. कोकणात भेटींसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि तेही सकाळी, याशिवाय मी दुसरा काळ सुचवत नाही. शिमग्याचे ढोल सुरू होण्याआधी उरकलेलं बरं.

दोन-तीन तास सलग शांततेत गेले, एकमेकांना चाटून झालं, की एक पूर्ण दिवस आणि रात्र दोघांना त्या परक्या खोलीतच ठेवा. कोणीतरी घरचं माणूस तिथेच झोपू दे. दुसऱ्या दिवशी पडवीतलं घर घासून धुवा, सगळं सामान नवीन जागी मांडा, आणि दोघांना एकत्रच आत सोडा. एक आधी, एक नंतर असं नको. जागा किमान १० फूट बाय ६ फूट हवी, उंची ३ फूट, म्हणजे मागच्या पायांवर उभं राहता येतं. रात्री मुंगूस, बोका, साप आत शिरणार नाहीत अशी जाळी. यापुढे एकाला डॉक्टरकडे न्यायचं झालं तर दुसरा सोबत जाऊ दे. एकटा जाऊन दवाखान्याचा वास घेऊन आलेल्या जोडीदाराला दुसरा ओळखत नाही, आणि जमलेली जोडी तिथे तुटते. पुढे कधी एकाचा मृत्यू झाला तर दुसऱ्याला त्याच्याजवळ थोडा वेळ बसू द्या, वास घेऊ द्या. तसं न केलेले ससे दिवसेंदिवस शोधत फिरतात, खाणं सोडतात.

तुमच्यासाठी वेळापत्रक असं: या आठवड्यात शेवंतीची तपासणी. खोटी गाभण निघाली तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात दोघांची शस्त्रक्रिया, जाताना दोन वेगळ्या पेट्या, आणि दापोलीहून पहाटे निघा. घरी आल्यापासून शेजारी-शेजारी जाळ्या. डिसेंबरचा पहिला आठवडा उलटण्याआधी समोरासमोर भेट नको. आणि आज संध्याकाळी बंड्याच्या फाटलेल्या कानाच्या मुळाशी बोट फिरवून बघा. वाटाण्याएवढीही गाठ लागली, तर आठवड्याची वाट न बघता त्याला शेवंतीच्या आधी डॉक्टरकडे न्या.